आम्ही मागून घेतलेली माती

अंबरनाथ सोडलं त्या सकाळी आमच्या बसच्या पुढे एक लांबलचक ट्रेलर होता आणि त्यावर कारखान्याचा टॉवर आडवा झोपवलेला होता. तेल उकळून त्याचे हलके-जड भाग वेगळे करणारा तो टॉवर लहानपणी आमच्या भाड्याच्या खोलीच्या मागच्या दारातून दिसायचा. त्या दिवशी त्याला झेंडूचा हार घातला होता, ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती, मालकांच्या हातून नारळ फोडला होता. मागच्या बसमध्ये कारखान्याबरोबर गुजरातेत निघालेले आम्ही तीसेक कामगार बसलो होतो. आम्हाला हार नव्हता. खोबऱ्याचा तुकडा मात्र मिळाला, खोटं कशाला बोलू.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यातून वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. ते खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी जन्मभर पुरेल असं बोलतील. मी तिशीचा, एका मुलीचा बाप. ते म्हणाले, "हात बाहेर काढू नकोस." एवढंच. आई मागे माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा हात धरून उभी होती. बस निघाली आणि लगेच ट्रेलरच्या मागे अडकली. मोठा रस्ता लागेपर्यंत आम्ही माणसाच्या चालीनं जात होतो, त्यामुळे आई बराच वेळ बसच्या बाजूनं चालत राहिली. निरोप इतका लांबला की दोघांनाही काय बोलावं कळेना. शेवटी तिनं विचारलं, "भूक लागली का रे?" निघून दहा मिनिटं झाली होती.

हे मी लिहितोय ते वाडीत मागे राहिलेल्यांसाठी आणि त्या बसमध्ये माझ्याबरोबर बसलेल्यांसाठी. मला राग आलाय. राग आला की मी विनोद करायला लागतो, ही माझी जुनी खोड. घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की "बाळू, ती गोष्ट सांग" असं कुणीतरी म्हणतं आणि मी पान खाऊन सुरू होतो. ती खोड मला या वेळी किती महाग पडलीय, तेच सांगायचंय.

कंपनीची सुरुवात उल्हासनगरात, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाली. गॅरेजवाले गाडीतलं जळकं ऑइल काढून गटारात ओतायचे; मालकांच्या वडिलांनी ते पिंपांत भरून आणायला सुरुवात केली. ते साफ करून परत विकायचं. डोकं होतं त्या माणसाला, नाही म्हणणार नाही. मग अंबरनाथला मोठा कारखाना झाला. तिथं जळक्या तेलात आधी अ‍ॅसिड घालायचे, खाली गाळ बसायचा, मग वरचं तेल पांढऱ्या मातीबरोबर तापवून फिल्टरमधून काढायचे. तेल सोन्यासारखं बाहेर यायचं आणि माती काळीकुट्ट होऊन फिल्टरच्या कापडाला वड्यांसारखी चिकटून बसायची. ती खरवडणं हे अण्णांचं काम.

पांढरी माती म्हणजे मुलतानी मातीच. कोरी असताना ती डब्यातून घरी यायची आणि आमच्या वाडीतल्या बायका तिनं केस धुवायच्या. बदलापूरपर्यंत कुणाच्याही लग्नाला गेलं की आमच्या बायका केसांवरून ओळखू यायच्या. ही झाली कोरी माती. काळ्या मातीची गोष्ट वेगळी, आणि ती मी इतक्या वेळा रंगवून सांगितलीय की आता सरळ सांगताना जीभ अडखळते.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे खोलगट भातखाचरं होती. कामगारांनी तिथं मिळून थोडी थोडी जागा घेतली; तीच आमची वाडी. पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं, भराव घातल्याशिवाय घर उभं राहणार नव्हतं. आणि कारखान्याच्या मागे काळ्या मातीचे ढीगच्या ढीग पडलेले. मी नुकताच कामाला लागलो होतो. अण्णांनी सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, न्या की. ट्रकही कंपनीचाच. अण्णा मला म्हणाले, "फुकट मिळतंय तर दोन गाड्या जास्त मागून घे." मी पेढ्यांचा पुडा घेऊन सुपरवायझरच्या घरी गेलो आणि दोन नाही, चार गाड्या जास्त आणल्या. अण्णांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा कर्तबगार म्हटलं.

माती घट्ट बसायची, चोपल्यावर डांबरासारखी. पाणी वर चढत नव्हतं. डास नव्हते. आई पाहुण्यांना मिरवून सांगायची, "आमच्याकडे मच्छरदाणी लागत नाही हो." अनवाणी पायांनी ती माती तुडवून तुडवून आम्ही सपाट केली. आमच्या घराची, शेजारच्या घराची, सगळ्या वाडीची.

गुजरातेत आलो. भरूचच्या पुढे, जिथं नवा कारखाना आहे तिथं, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पहिली दोन वर्षं गोड डाळीशी भांडण्यात गेली. मुलगी शाळेत गुजराती शिकली आणि मला "पप्पा, शांती राखो" म्हणायला लागली. बायकोला, संध्याला, शेजारणीनं ढोकळा शिकवला, तिनं शेजारणीला थालीपीठ. दोघींचंही नीट जमत नाही. अ‍ॅसिड बंद झालं, मशिनं बदलली, आणि आता काही वर्षांपासून जळक्या इंजिन ऑइलच्या जोडीला तळणीचं वापरलेलं तेल येतं. फरसाणवाले, हॉटेलवाले, वेफर्सचे कारखाने यांच्याकडून टँकर भरून येतं आणि त्याचं डिझेल होतं. संध्या म्हणते, "आधी गॅरेजशी लग्न केलं होतं, आता भजीच्या गाडीशी." काम चांगलं आहे. मी ते मनापासून करतो. पूर्वी जे तेल चार-चार वेळा तळून शेवटी गटारात जायचं, ते ट्रक चालवतं. यात खोट काढायला मी मूर्ख नाही.

मग कंपनीनं स्वतःचा इतिहास छापायचं ठरवलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पत्र्याची शेड, शेवटच्या पानावर हिरवं पान. जुन्या माणसांना गोळा करून जेवण दिलं आणि कुणीतरी म्हणालं, "बाळू, ती पेढ्यांची गोष्ट सांग." झालं. मी उभाच राहिलो. अण्णांची नक्कल केली, सुपरवायझरच्या मिशांची नक्कल केली, चार गाड्या कशा आणल्या ते सांगितलं, आई मच्छरदाणीबद्दल काय म्हणायची ते सांगितलं. साहेब लोक डोळे पुसेपर्यंत हसले. पुस्तकाचं काम बघणारी मुलगी मोबाइलवर सगळं टिपत होती. मला वाटलं, अण्णांचं नाव पुस्तकात येणार. पोट धरून हसणाऱ्या साहेबांकडे बघून मला फार बरं वाटलं. हे लिहिताना मला माझीच कानशिलं लाल करावीशी वाटतात.

कारण तिकडे वाडीत सुमनताई वेगळंच काहीतरी बघत होती. अण्णा गेले, आई गेली, ताईचं सासरचं घरही नाही उरलं, म्हणून ती आमच्याच घरात राहते. गेली काही वर्षं उन्हाळ्यात फरशीच्या सांध्यांतून काळं पाझरतं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. भिंती गुडघ्याइतक्या काळवंडल्यात. बोअरिंगचं पाणी बादलीत ठेवलं की वर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगतात आणि वास येतो. अंगणात तिनं पेरू लावला, कढीपत्ता लावला, काही जगलं नाही. अण्णा छातीच्या दुखण्यानं गेले. मातीनं गेले असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण पाणी तपासायला कुणीतरी यावं की नाही?

ताईनं वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन कंपनीला अर्ज केला. मागणी साधी होती: पाणी तपासा, काळी माती काढून न्या, चांगला भराव घाला, तोवर प्यायच्या पाण्याची सोय करा. उत्तर आलं. छान टाइप केलेलं, खाली सही. सदर भराव रहिवाशांच्या स्वतःच्या आग्रहाखातर, सद्‌भावनेनं, विनामूल्य पुरवला होता. कंपनीच्या प्रकाशित इतिहासात त्याची नोंद आहे. सोबत पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स. त्यावर मी, हात हवेत, तोंड उघडं.

ताईचा फोन आला. "बाळू, तुझी गोष्ट छापून आली रे."

मी म्हटलं, "हो ना! अण्णांचं नाव आहे का?"

"आहे की. आमच्या तोंडावर मारलंय ते नाव." मग तिनं पत्र वाचून दाखवलं. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, "चार गाड्या जास्त मागितल्या म्हणे आपण. पेढे देऊन. शेजारच्या काकू विचारतायत, तुमच्या बाळूला कंपनीनं काय दिलं? मी काय सांगू? जेवण दिलं म्हणू?"

जेवण चांगलं होतं. बासुंदी होती. तिला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या पुस्तकवाल्या मुलीकडे गेलो. पुण्याची आहे, मराठी येतं, पण ऑफिसात मराठी बोलायला तिला अवघडल्यासारखं होतं. म्हणाली, "काका, इट्स सच अ वॉर्म स्टोरी! सगळ्यांना तेच पान आवडलंय."

मी म्हटलं, "त्यात एक ओळ घाला. त्या मातीत काय होतं, ते कामगारांना कुणी सांगितलं नव्हतं."

"पण काका, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं ना? त्या काळात असंच चालायचं."

मी मान डोलावून बाहेर आलो. जिन्यात पोचलो आणि थांबलो. कारण कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं नाही. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी नेमका तेवढाच तुकडा गाळत आलो होतो. त्यावर कुणी हसत नाही, म्हणून.

तो तुकडा असा. ज्या उन्हाळ्यात आमच्या खाचरांत काळी माती पडत होती, त्याच उन्हाळ्यात अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिससमोर लॉन करायचं ठरलं. तिथंही खड्डा होता, तिथंही भराव लागणार होता. काळ्या मातीचे ढीग तिथून हाकेच्या अंतरावर. तरी लॉनसाठी वांगणीहून लाल माती आली, ट्रक भरून, विकत. ती उतरवणाऱ्यांत मी होतो. मी सुपरवायझरला विचारलंही होतं, "साहेब, मागे एवढी माती पडलीय की फुकट." तो म्हणाला, "अरे येड्या, त्या मातीत गवत उगवतं का? शेठच्या घरचे येऊन बसतात इथं." आणि पुढे, खांद्यावर हात ठेवून, "तुम्हाला घरं बांधायचीत. तुम्हाला कुठं गवत पाहिजे?"

मी हसलो होतो. खरंच हसलो होतो. मला ते हुशारीचं बोलणं वाटलं.

म्हणजे माहीत होतं. गवतापुरतं तरी माहीत होतं. लॉनवर बसणाऱ्यांसाठी माती विकत आली आणि भरावावर झोपणाऱ्यांना काळा ढीग दाखवला. आता तेच लोक छापतात की आम्ही आग्रह केला. हो, केला आग्रह! खड्ड्यात राहणारा माणूस भरावाचा आग्रह करतोच. तुम्ही त्याला काय देताय, ते तुम्हाला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. पेढे आमचे होते, माती तुमची होती. कारखाना उचलून नेताना टॉवर नेलात, फिल्टर नेलेत, ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा मोजून नेल्यात. माती तेवढी आम्हाला सद्‌भावनेनं ठेवलीत. आणि पुस्तकाच्या शेवटी हिरवं पान!

मी सव्वीस-सत्तावीस वेळा तरी ही गोष्ट सांगितली असेल. प्रत्येक वेळी मला वाटायचं मी अण्णांना जिवंत ठेवतोय.

ताईला फोन करून लाल मातीचं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुला आत्ता आठवलं?"

"आठवत होतं."

"मग?"

तिनं माझी सुटका केली. वाडीचा अर्ज आता सरकारी कार्यालयात जातोय, त्याला प्रतिज्ञापत्र जोडायचंय, असं सांगितलं. "येऊन लिहून दे. आणि हे बघ, बाळू, नकला करू नकोस. जे झालं तेवढंच सांग."

माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे. क्वार्टर कंपनीचं आहे. संध्याला सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला आणि विचारलं, "क्वार्टर गेलं तर कुठं जायचं?" मी म्हटलं, "घरी." ते बोलल्यावर माझं मलाच कळलं, की घर म्हणजे तीच फरशी, तेच काळे सांधे. बाहेरगावी राहणाऱ्याला घर म्हटलं की अंगण आठवतं, आईचा आवाज आठवतो. मीही इतकी वर्षं तेच आठवून डोळे ओले करत होतो. वास तेवढा आठवत नव्हतो. आता घर म्हणजे ज्या जमिनीखाली काय आहे ते मला माहीत आहे, आणि जी मी माझ्या पायांनी चोपलीय, ती जागा. संध्यानं तवा परत ठेवला. म्हणाली, "मग ती माती निघायलाच पाहिजे."

वाडीतल्या मंडळींनो, रविवारी सकाळी येतोय. शेजारच्या काकूंना सांगा, जे काय बोलायचंय ते तोंडावर बोला, मी ऐकून घेईन.

आणि माझ्याबरोबर बसमध्ये असलेल्यांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर लाल माती उतरवलीय. मला नावं आठवतात, इथं लिहीत नाही. तुमचीही आईवडिलांची घरं त्याच वाडीत आहेत. मी शनिवारी ड्युटी संपली की निघणार आहे. गाडी ठरवलीय. चार जागा रिकाम्या आहेत.