कोंडवाड्यातला आमचा बैल

आबा, म्हणजे माझे वडील, एरंडोलजवळच्या आमच्या गावात कोंडवाडा सांभाळतात. कुणाच्या शेतात शिरलेलं, रस्त्यावर मोकाट हिंडणारं जनावर लोक तिथे आणून कोंडतात, आणि धनी येईपर्यंत त्याचं चारापाणी आबांकडे. ग्रामपंचायतीचं हे काम दुसऱ्या कुणाला नकोच असतं. मला मात्र ती जागा फार आवडते. निंबाखाली बाजेवर पडलं की नुसता रवंथाचा आवाज, शेणाचा उबदार वास, आणि डोळे कधी मिटतात कळत नाही. आता नोकरीमुळे जळगावात राहतो, तिथे मेहरूण भागातल्या घरी आडवा झालो तरी तो आवाज मला कधी कधी ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ट्रॅक्टर घेतला. घेतला मीच, आबांनी फक्त चाकांना हळदकुंकू लावलं. मग आमचा म्हातारा पांढरा बैल रिकामा झाला, आणि त्याची सोय लावायचं मी अंगावर घेतलं. धुळ्याकडच्या एका शेतकऱ्याला दिला, असं आबांना सांगितलं.

"मानूस चांगला शे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

खरं तर मी त्याला टेम्पोत घालून पद्मालयाच्या गणपतीच्या देवळाजवळ रानात सोडून आलो होतो. देवाच्या दारी येणारे-जाणारे काहीतरी खाऊ घालतील, अशी मी माझी समजूत काढली. माझी अक्कल एवढी, की दर वर्षी चतुर्थीला आम्ही पद्मालयाला गाडी जुंपून जायचो आणि त्या गाडीला हाच बैल असायचा, हे ध्यानातच आलं नाही. येताना आबा कासरा सैल सोडून गाडीतच झोपायचे. मी कडब्यावर उताणा पडून वरचं आभाळ सरकताना बघायचो. ऊन कलायचं, धूळ पिवळी व्हायची. जाग यायची ती घराच्या ओट्यापाशी.

काही दिवसांनी त्याच वाटेने तो एकटा घराकडे निघाला. शिवारात येऊन एका कपाशीत शिरला. ते शेत बटाईने करणारा माणूस बाहेरगावचा, बैल कुणाचा ते त्याला ठाऊक नाही. त्याने त्याला कोंडवाड्यात आणून घातलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. आबांनी शिपायाकडून टाकून घेतलेला. निंबाखाली आमचा बैल, बरगड्या वर आलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलं होतं, ज्याचा असेल त्याने घेऊन जावा, नाहीतर सोमवारी लिलाव. म्हातारा बैल लिलावात कोण घेतं आणि कशासाठी, हे गावात सगळ्यांना माहीत. बैल कुणाचा, तेही माहीत.

मी फोन लावला. "आबा, तो बैल..."

"त्याना धनी येई," आबा शांतपणे म्हणाले. "वाट पाही राह्यनू."

मी फोन ठेवला. तीन दिवस मेहरूणच्या तलावावर चकरा मारत राहिलो. पाण्यावरचं ऊन बघता बघता वाटायचं, हे सगळं झालंच नाही, आपण अजून त्या कडब्यावरच पडलोय. लाज माणसाला अशी गुंगी आणते, हे मला तेव्हा कळलं. आबांनी बैल सोडून घरी आणला असता तर मी सुटलो असतो. पण धनी आल्याशिवाय त्यांनी आजवर एक शेळीसुद्धा सोडली नव्हती.

सोमवारी पहिल्या एसटीने गेलो आणि कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा राहिलो. बैल बसला होता. आबा बाजेवरून उठले, टोपी सारखी केली, आणि येणाऱ्या प्रत्येक धन्याला जे विचारतात तेच त्यांनी त्याच सुरात विचारलं.

"काय भाऊ, इतला दिन कथा व्हतात?"

इतके दिवस कुठे होतात! मला त्यांनी उभ्या जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं. मी खाली बघत म्हणालो, "बैल आमचा आहे."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, वही उघडली, पेन हातात धरलं. "नाव सांगा. पूर्ण."

मी माझं नाव सांगितलं. त्याच्यापुढे वडिलांचं नाव सांगायचं होतं, ते काही केल्या तोंडातून फुटेना. आबा पेन टेकवून थांबून राहिले.