काळी चारची गौळण

श्रीरंग खांबेट्यानं पेटीची पट्टी दोन घरं वर सरकवली ती मुलांच्या बालगीतासाठी, आणि परत खाली आणायची तो विसरला. गुन्हा एवढाच. पण एवढ्या गुन्ह्यात एका बाईची दोनशे माणसांत शोभा झाली, आणि खांबेटे पुढचे तीन दिवस स्वतःला सोडून सगळ्या दिल्लीवर चिडून राहिला.

साल १९८३. नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टर्समधला मराठी माणसांचा गणपती, सहावा दिवस. खांबेटे एका मंत्रालयात असिस्टंट, आणि बारा वर्षं मंडळाचा पेटीमास्तर. त्याची पेटी स्केलचेंजरची, म्हणजे एक खुंटी ओढली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सगळी रांग बाजूला सरकते; बोटं जुन्याच जागी असतात, आवाज मात्र वर चढलेला असतो. मुलांचे आवाज कोवळे म्हणून त्यानं खुंटी ओढली. बालगीत संपलं, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारेपर्यंत मास्तर त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा संडासाकडे धावले. खुंटी राहिली तिथंच.

हे धावणं नवीन नव्हतं. बारा वर्षांत एकही कार्यक्रम असा गेला नव्हता की ज्याच्याआधी त्याच्या तळहातांना पाणी सुटलं नाही. त्यावर त्यानं उपाय शोधला होता, तो म्हणजे चिडणं. घाबरलेल्या माणसाला लोक धीर द्यायला येतात आणि त्याला आणखी घाबरवतात. चिडलेल्याच्या वाटेला कुणी जात नाही. त्याची बायको नीला कॅलेंडर न बघता सांगायची की आज कार्यक्रम आहे, कारण सकाळपासून कुर्त्याची इस्त्री वाईट असायची, चहा पाणचट असायचा आणि शेजाऱ्यांचा रेडिओ कानात जायचा.

तर पुढचं नाव होतं शेवंताबाई जगदाळे. हवालदार मारुतराव जगदाळ्यांची बायको, खटाव तालुक्यातली, राहायला छावणीतल्या फॅमिली लाइनीत, म्हणजे जवानांच्या कुटुंबांच्या चाळीत. खांबेट्यानं तिला छावणीच्या भजनात ऐकलं होतं, आणि ऐकून तो बस चुकेपर्यंत तिथंच उभा राहिला होता. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब, रिटायर्ड अंडर सेक्रेटरी, यांना त्यानंच पटवलं. अण्णासाहेबांनी तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर 'ग्रामीण गीत' या सदरात घातलं आणि उपकार केल्यासारखं पाहिलं. दोन तालमी झाल्या. बाईंची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार ठरली.

बाई बसल्या. मारुतराव टाळ घेऊन मागं बसले. खांबेट्यानं काळी चारवर बोट ठेवलं आणि पेटीतून काळी पाच बोलली.

शेवंताबाईंच्या कपाळाला आठी पडली. मायकावरून तोंड वळवून त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, वर हाय. खाली घ्या."

तिच्या गावच्या भजनात यात काही विशेष नाही. गाणारा म्हणतो पट्टी चढली, सगळे थांबतात, कुणी खाकरतं, कुणी तंबाखूची पिंक टाकून येतं, आणि पुन्हा धरतात. देवाला घाई नसते. पण नेताजीनगरच्या मंडपात पहिल्या रांगेत सोफा होता आणि सोफ्यावर अण्णासाहेब होते. खांबेट्यानं खुंटीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. एक ओढ पुरली असती. पण ओढायचं म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे मास्तर चुकला हे सोफ्याला दिसायचं. त्यानं मान हलवून खूण केली, चला पुढं.

मास्तर म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून बाई पुढं गेल्या. पहिली दोन कडवी ओढूनताणून निघाली. जिथं राधा कृष्णाला जाब विचारते आणि चाल वर चढते, तिथं आवाज फाटला. मागच्या रांगेतली पोरं, ज्यांना 'गौळण' या शब्दाचा अर्थ आईला विचारावा लागला असता, खिदळली. एक जण मोठ्यानं म्हणाला, आंटी का गला फट गया यार. आयांनी त्यांना दटावलं, पण पदर तोंडाला लावून. मारुतरावांनी हौसेनं लाइनीतल्या चौदा बायका ऐकायला आणल्या होत्या. त्या चौदाजणी सतरंजीकडे बघत बसल्या. शेवंताबाईंनी गाणं अर्ध्यात सोडलं, हात जोडले आणि उठल्या.

अण्णासाहेबांनी निकाल मंडपातच दिला. हौस वेगळी, स्टेज वेगळं, श्रीरंगराव. अनंत चतुर्दशीला चीफ गेस्ट यायचेत, तेव्हा बाईंचं नाव काढून टाका. खांबेटे "हं" म्हणाला.

मग तो चिडला. बसच्या कंडक्टरवर चिडला, ऑफिसातल्या कूलरवर चिडला, हिंदीत एक फाइल आली म्हणून चिडला आणि मराठीत एकही येत नाही म्हणूनही. घरी सांगितलं की मायकवाला गाढव आहे. नीला भाजी चिरत होती.

"मायक नव्हे, तुमची पेटी वर होती," ती म्हणाली. "दोन तालमी याच खोलीत झाल्यात. मला त्या गौळणीचा सूर पाठ आहे. कुणाला सांगितलंत का?"

त्यानं चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. रविवार होता. रागानं चालता चालता तो बसमध्ये बसला आणि छावणीत उतरला, आणि उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण माफी मागायला आलो आहोत.

मारुतरावांनी खुर्ची दिली आणि "साहेब" म्हटलं. शेवंताबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी सांगितलं हुतं का न्हाई, वर हाय म्हून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"घाबरलो."

"कुणाला?"

खांबेट्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "अण्णासाहेबांना."

मारुतराव दोन लढाया पाहिलेले गृहस्थ. ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला?" आणि पुढं काही बोलू नये म्हणून आत पाणी आणायला गेले.

शेवंताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि खांबेट्याला ते जास्त लागलं. "मीबी घाबरली हुती मास्तर. तीन दिस पोटात अन्न न्हवतं. पर घाबरल्यालं मानूस थांबतं. दुसऱ्याला म्होरं ढकलत न्हाई. आता लाइनीतल्या बाया नळावर माझ्याकडं बघून गप व्हत्यात. हसल्या असत्या तर बरं हुतं."

तो म्हणाला, शेवटच्या दिवशी पुन्हा म्हणा, नाव मी घालतो. त्या म्हणाल्या, म्हणेन. पण त्याच मंडपात, त्याच मायकात, त्याच माणसांपुढं मास्तरानं आधी सांगायचं की पट्टी मी चुकवली. एक वाक्य. त्याहून जास्त नको, हार-नारळ तर मुळीच नको.

आयुष्यात पहिल्यांदा खांबेट्याचा राग बरोबर पत्त्यावर गेला. अण्णासाहेबांच्या बैठकीत उभं राहून त्यानं सांगितलं की बाईंचं नाव नसेल तर पेटी येणार नाही, आरतीलासुद्धा नाही. अण्णासाहेब दचकले. पेटीशिवाय आरती म्हणजे चीफ गेस्टला मंडळाचे खरे आवाज ऐकू येणार. त्यांनी विचारलं, पण त्या दिवशी झालं काय होतं? खांबेट्याच्या जिभेवर खरं आलं होतं. तो म्हणाला, पेटीत बिघाड होता. पाच मिनिटं मंजूर झाली.

अनंत चतुर्दशीला मंडप भरला. चौदापैकी सहा बायका आल्या. खांबेट्यानं खुंटी चार वेळा तपासली, हातांना पावडर लावली आणि मायकापुढं उभा राहिला. सोफ्यावर चीफ गेस्ट, शेजारी अण्णासाहेब, मागं दोनशे माणसं. त्यानं मनात वाक्य जुळवलं होतं, बसमध्ये, ऑफिसात, आंघोळीच्या वेळी. तोंडातून आलं ते असं:

"त्या दिवशी काही तांत्रिक बिघाडामुळे गाण्यात व्यत्यय आला, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे."

सरकारी नोकरीत अठरा वर्षं काढली की जीभ अशी होते. जे कुणीतरी केलेलं असतं आणि कुणालाच केलेलं नको असतं, त्याला दिल्लीत तांत्रिक बिघाड म्हणतात. खांबेटे खाली बसला. शेवंताबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या उठतील असं त्याला वाटलं, आणि उठल्या असत्या तर तो अडवणार नव्हता.

त्यांनी मायक स्वतःकडे ओढला.

"बिघाड-बिघाड काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मी घाबरली हुती. आज न्हाई. मास्तर, काळी चार."

त्यानं सूर दिला. बाईंनी गौळण धरली आणि राधेचा सगळा राग पेटीच्या दिशेनं सुरू झाला. काल्यातली लाडिक राधा नव्हती ती; ही दारात उभी राहून हिशेब मागत होती. आणि नेमकं त्याच चढाच्या जागी खांबेट्याचं एक बोट भलतीकडे पडलं. आवाज फाटला नाही, पेटी भुंकली.

शेवंताबाई थांबल्या. चीफ गेस्टसमोर, सोफ्यासमोर, सरळ थांबल्या. "परत धरा," म्हणाल्या, आणि पाण्याचा घोट घेतला. मारुतरावांनी टाळ मांडीवर ठेवले. अण्णासाहेब कार्यक्रमपत्रिका वाचू लागले. दहा सेकंद गेली असतील. छप्पर कोसळलं नाही, चीफ गेस्ट उठून गेले नाहीत. खांबेट्यानं बोट जागेवर ठेवलं, आणि त्यांनी ते कडवं पहिल्यापासून घेतलं. या वेळी आवाज वर गेला तो मंडपाबाहेर, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं मान वर करून बघावं असा. सहा बायकांनी ज्या टाळ्या पिटल्या त्या दोनशे माणसांना नंतर उचलून धराव्या लागल्या.

गर्दी पांगताना खांबेटे बाईंजवळ गेला. त्या चपला शोधत होत्या.

"बाई, ते वाक्य..."

"ऱ्हायलंय तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "मी बोलले ते माझं. तुमचं तुमी बोलायचं."

पुढच्या वर्षी नक्की, तो म्हणाला. अच्छा, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत शिकलेल्या दिल्लीच्या सुरात, आणि मारुतरावांच्या मागोमाग चालू लागल्या.

फेब्रुवारीत जगदाळ्यांची पलटण आसामकडे हलली. खांबेटे अजून पेटी वाजवतो, अजून चिडतो, पण आता चुकला की थांबतो आणि "परत धरू" म्हणतो. नवीन पोरांना त्याचं आश्चर्य वाटतं. दर वर्षी सहाव्या दिवशी तो मायकापुढं उभा राहतो, घसा साफ करतो, मंडपवाल्याचे आणि प्रसाद करणाऱ्या भगिनींचे आभार मानतो, आणि खाली बसतो.