घड्याळाचं सोनं

वडील गेल्यावर माझ्या वाट्याला एक घड्याळ आलं. ते कधीचंच बंद पडलं होतं, पण त्याच्या जोरावर भाव खाणं आमच्या घराण्यात कधी बंद पडलं नाही. आजोबांना ते कुण्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन दिलं म्हणे. काका सांगायचे तेव्हा साहेब इंजिनीअर असायचा, आत्या सांगायची तेव्हा कलेक्टर. तबकडीला पिवळसर झाक होती, त्यामुळे ते सोन्याचं आहे हे गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या सगळ्या खानदेशी गल्लीला मान्य होतं.

मी गल्लीतला पहिला बी.कॉम. शहानिशा केल्याशिवाय मला चैन पडत नसे. स्टेशनजवळ एक म्हातारा गुजराती घड्याळजी बसायचा, त्याच्याकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि आतल्या यंत्रावर कोरलेलं ‘इंडिया’ मला दाखवलं. साहेब मायदेशी गेल्यावर कितीतरी वर्षांनी इथंच तयार झालेला माल. काका आणि आत्या दोघंही एका झटक्यात निकालात निघाले, आणि खरं सांगतो, मला मजा वाटली.

मग त्यानं काच काढली. चिमट्यानं तबकडीवरून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता.

“भाई, आ सोनुं नथी. हळदर-कंकु छे.”

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडील लूमच्या खात्यात मागावर कामाला. दर दसऱ्याला ते पाटावर धोटा, कात्री मांडायचे आणि हेही यंत्रच म्हणून शेजारी घड्याळ ठेवायचे. आई त्यावर हळद-कुंकू, अक्षता वाहायची, वर फुलानं पाणी शिंपडायची. काचेच्या कडेचा टवका उडालेला होता, त्यातून सगळं आत गेलं. म्हणजे घड्याळ आम्हीच पूजा करकरून मारलं होतं.

सहाच्या आकड्यापाशी कुंकवाचा ठसठशीत डाग होता. घड्याळजीनं त्यावर बोट ठेवून विचारलं, “आ रहेवा दउं?”

“ना, ना, बधुं काढी नाखो,” मी ऐटीत म्हणालो.

वडिलांनंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी ते लखलखीत, टिकटिकणारं घड्याळ आईच्या हातावर ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तिनं ते खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. सहाच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

“कुकू कसाले पुसी टाकं रे?” ती म्हणाली. “मन्हा हातनं तितलंच ऱ्हायेल व्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पूजेचं ताट धाकट्या बहिणीकडे गेलं होतं. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी बी.कॉम. असूनही ती मला तोवर कधी खटकली नव्हती. बहीण फुलं आणायला बाहेर गेली, तसं मी ताट आईपुढं सरकवलं.

“घड्याळले तूच लाव ना, आई. आठे कोन देखस?”

“तू देखी ऱ्हायना ना.”

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायला हवं होतं. एवढं साधं मला सुचलं नाही. मी तिथंच उभा राहिलो, आणि तिनं ताट माझ्याकडे परत सरकवलं.