फौजदारांचं उबवणी यंत्र

गल्लीत त्यांना सगळे फौजदार म्हणत. पोलिसांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण चहा पांचट लागला की ते आधी दूधवाल्यावर, मग भांड्यावर आणि शेवटी बायकोवर नजर रोखत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र मांडलं आणि त्यांच्या संशयाला हक्काचं घर मिळालं.

कारण पिल्लं मरत होती. तीही अगदी काठाशी येऊन. कवचाला आतून चोच लागायची, बारीकसं भोकही पडायचं आणि पुढे सामसूम. फौजदारांनी अशी अंडी फोडून पाहिली. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, आणि कवचाखालचा पडदा वाळून त्याच्या अंगाला कागदासारखा चिकटलेला. बिचाऱ्याला वळायलाही जागा नाही.

"ओलावा कमी पडतोय," ते म्हणाले. इथवर निदान बरोबर होतं. "म्हणजे यंत्रातल्या ट्रेमधलं पाणी कोणीतरी काढतंय."

"काढून करणार काय? चहा?" बायकोनं विचारलं.

"तुझा भाऊ परवा खोलीत रेंगाळत होता."

"पंखा दुरुस्त करत होता. तुम्हीच बोलावलं होतंत."

एवढ्यानं समाधान झालं तर ते फौजदार कसले. त्यांनी यंत्राला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. कोणी डोकावू नये म्हणून दाराच्या काचेवर कागद चिकटवला. आता त्यांनाही आतलं दिसेना. मग घटकेघटकेला दार उघडून ते पाणी बघत, ओलाव्याचा काटा बघत. काटा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली घसरायचा.

"बघ, मी समोर उभा असतानाही चोरी चालू आहे."

तीही खेप गेली. बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "पुढच्या खेपेला पिल्लं निघाली नाहीत तर यंत्र बाहेर, आणि खोलीत माझं शिलाई मशीन."

फौजदारांचा चेहरा उतरला. सकाळी घाईनं उठावं असं दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं. ते पाहून ती जरा मऊ झाली.

"अहो, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या गळ्यात. मग आत हात घालतंय कोण? आंघोळ करताना मोरीचं दार उघडलं की वाफ कुठे जाते?"

फौजदारांनी गळ्यातली किल्ली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. जगातल्या यच्चयावत माणसांवर त्यांनी संशय घेतला होता. एक स्वतः तेवढे सुटले होते.

पुढच्या खेपेला त्यांनी काचेवरचा कागद खरवडून काढला आणि किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

पिल्लं निघायच्या दिवशी तासाभरातच ते मेहुण्याजवळ सरकले. "जरा उघडतोस? एक अडकलंय रे."

"नाही, भाऊजी."

"मी मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"मोठ्यांनीच तर बजावलंय."

तेवढ्यात ते अडकलेलं अंडं हललं, टोपी निघावी तसं कवच बाजूला झालं आणि ओलंचिंब पिल्लू धडपडत बाहेर आलं. मग दुसरं. मग शेजारची दोन. बायको हातातलं काम टाकून बघायला आली. फौजदार काचेला नाक लावून बसले होते, डोळे पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

"ते कोपऱ्यातलं अंडं बघ," ते हळूच म्हणाले. "मुद्दाम वेळ लावतंय."