बाईच्या टाचेवरची गाठ

बाईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, टाचेवर गाठ आली तेव्हा मी सौसरच्या तहसील कचेरीत बाबू होतो. ती मोहगावला एकटीच राहायची, संत्र्याच्या तोडीला जायची. कुरूप समजून वर्षभर तिनं त्यावर बिब्बा लावला. रक्त यायला लागलं तेव्हा कुठं मला सांगितलं.

सौसरच्या डॉक्टरांनी गाठ काढून औषधाच्या पाण्याच्या बाटलीत घातली. ती बाटली मांडीवर धरून मी छोट्या लाइनीच्या गाडीनं नागपूरला गेलो. आठवड्यानं पुन्हा गेलो, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या पेशी पाहून ठाम सांगता येत नाही. साधी गाठ असेल, कॅन्सरही असेल. मुंबईत एक नवी तपासणी होते. त्यात ठरावीक पेशींनाच रंग चढतो, त्यावरून गाठ कशातून निघाली ते कळतं. तुकडा तिकडे पाठवला.

मग नुसत्या खेपा. रजेचा अर्ज, तीच गाडी, दवाखान्याची तीच खिडकी आणि अजून आलं नाही हे उत्तर. परतताना मी मोहगावला जायचो. बाई काही विचारायची नाही, पाणी द्यायची. सहाव्या की सातव्या खेपेला मात्र म्हणाली, "चांगली का वाईट, एवढंच सांग ना रे. किती दिस झाले, मी वाट पाहून राहिली."

शेवटी रिपोर्ट आला. रंग चढला होता. गाठ कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशींची होती. रंग तेवढंच सांगतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण पेशी ज्या तऱ्हेनं खोल शिरल्यात ते पाहता ती वाईटच धरायची. एवढे दिवस थांबलो त्यानं फरक पडला का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि माहीत नाही म्हणाल्या.

"वाईट हाय, बाई," मी तिच्या घरी जाऊन सांगितलं.

"बरं झालं. कळलं तरी," ती म्हणाली आणि वांगी चिरायला बसली.

मला तिचा राग आला. मग नुसती झोप आली. भिंतीला टेकून मी तिथंच झोपलो.

नागपूरला पुन्हा कापलं. अर्धी टाच गेली, मांडीची कातडी लावली. तोडीचं काम सुटलं. ती घरी बसून गोधड्या शिवायला लागली. दर तीन महिन्यांनी आम्ही दाखवायला जायचो. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, आता नको. मी वाद घातला नाही. गाठ पुढं कधी उलटली नाही, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं? खरं सांगायचं तर त्या गाडीत बसायचं त्राण माझ्यातही उरलं नव्हतं.