‘अ’ लावू का ‘द’?

"मी न्हाई जायची शिरवळला! लाख सांगा!" रेखानं पर्स आपटली.

"कशी जात नाहीस बघते!" मी म्हटलं. "माझ्या क्लासातनं भित्री बाई बाहेर पडत नसते!"

नवरा गेल्यापासून रेखा इथं विश्रामबागेत माहेरी आणि तिची लहानगी लेक मेढ्याला आजी-आजोबांकडं. सासरे म्हणालेत, नोकरी लागली की पोरीला घेऊन जा. उद्या शिरवळच्या कंपनीत इंटरव्ह्यू, तोही इंग्रजीत! आणि ही बाई शब्दाआधी ‘अ’ लावू का ‘द’ यातच अडकलेली.

इंग्रजी शिकवायला बसलं की किस्से धुण्यासारखे साचतात. मी स्वतः चौथी पास. औषधांच्या खोक्यांतले कागद वाचून इंग्रजी शिकले. लाज कसली?

*

नियम मी असा सांगते: "कुठलंतरी कुत्रं असेल तर अ डॉग. तुम्हाला चावलेलं असेल तर द डॉग!"

सगळा वर्ग हसला. रेखा तेवढी घाबरून म्हणाली, "आणि चावंल असं वाटत असलं तर?"

*

शालन नवऱ्याचं नाव घेत नाही. वाक्य केलं, "द इज स्लीपिंग."

"अगं, द कोण?"

पदर डोक्यावर घेत म्हणाली, "आवं आजी, घरात एकच हायेत की!"

*

वर्गातले रिटायर हवालदार काका सरसकट द लावतात. द चहा, द साखर, द सातारा!

"एवढे द कशाला, काका?"

"सॅल्यूट कमी पडला तर साहेब तापतो. जास्त झाला म्हणून कोण तापलंय व्हय?"

*

माझा इंजिनिअर जावई एकदा मला म्हणाला, "आई, इथं द पाहिजे."

म्हटलं, "तुमच्या वाक्यात लावा. माझं त्याच्याशिवाय चालतंय!"

*

रेखाचं मात्र हसण्यावारी नेता येईना. मागच्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, घरी कोण असतं? एकुलती एक लेक, म्हणून द डॉटर? का साहेब तिला ओळखत नाहीत, म्हणून अ डॉटर? हिचा विचार संपेतोवर साहेब म्हणाले, "नेक्स्ट!"

"उद्याबी तसंच झालं तर? पोर मला विसरंल, आजी!" रेखा म्हणाली.

भीती मलाही होतीच. पण दाखवतेय कशाला?

"मग राहू दे तिला मेढ्यातच! तू बस अ आणि द जपत!"

रेखा ताडकन उठली. डोळे लाल. माझ्यावर बोट रोखून ओरडली,

"आजी, यू शट अप! आय गो शिरवळ, आय ब्रिंग माय डॉटर!"