फिलूच्या मुद्दाम केलेल्या चुका

सॉफ्टवेअर नीट तपासून व्हायच्या आधीच मी एकदा हॉस्पिटलात पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले होते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केसांना नुकतीच मेंदी, आणि अंगात शहाणपण एवढं की दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नाही. नातीला हे सांगितलं की ती विचारते, "आजी, तुला मॅनेजर कुणी केलं होतं?" मलाही ते कोडंच आहे. त्या दिवशी मला वाचवणारी फिलोमिना, आमची फिलू, गेल्या महिन्यात गेली. सकाळीच तिच्या बहिणीचा फोन आला, "मॅडम, आपली फिलू..." आणि पुढे फोनमधून नुसता पाचूबंदरच्या किनाऱ्यावरचा वारा ऐकू येत राहिला.

वसईतली आमची लहानशी कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची. मुलाचं वजन टाकलं की औषधाची मात्रा दाखवायची, असं ते काम. ते बरोबर चालतं का, हे बघणं फिलूकडे. ती आधी वॉर्डात जाऊन सिस्टरांच्या मागे उभी राहायची आणि त्या कुठे चुकतात ते वहीत उतरवायची. एका हातात फोन होता, आकडे उलटे पडले, मध्येच उठून गेली, परत येऊन खोडलं... मग ऑफिसात बसून त्याच चुका मुद्दाम करायची. कोळ्याची पोर ती. जाळं हातात आलं की आधी फाटलंय कुठे ते बघणार.

मला हे सगळं मागासलेलं वाटे. एक विक्रेता टाय लावून आला आणि त्याने स्वतःच्याच नमुन्याच्या सॉफ्टवेअरवर आपलं तपासणीचं टूल चालवून दाखवलं. आपण एकदा काम करून दाखवायचं, टूल ते लक्षात ठेवतं, मग हव्या तितक्या वेळा तसंच करून बघतं. ठीक असेल तर हिरवा दिवा. पडदाभर हिरवे दिवे बघून मी भुलले, जत्रेतल्या फुग्यांना पोर भुलावं तशी. फिलू एवढंच म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवस आपल्या एका वॉर्डाच्या कामावर लावून बघू. माझी वही पन बाजूला चालू राहू दे."

"तुला तुझ्या वहीचीच काळजी, फिलू," मी म्हटलं. तपासायचं सगळं काम एकदम टूलवर घातलं, टूलला शिकवणारीही मीच, आणि पुढच्या महिन्यापासून फिलूला फोन घ्यायला बसवायचं ठरवलं. तसं तिला सांगितलंही. तिने वही बॅगेत घातली...

लहान मुलांच्या वॉर्डात सकाळी नऊला सॉफ्टवेअरची सुरुवात होती. डॉक्टर, सिस्टर, मी आणि पेढे. त्या सकाळी फिलू कुणी न सांगता लवकर ऑफिसात येऊन वही उघडून बसली होती. पावणेनऊला तिचा फोन.

"मॅडम, थांबवा. वजन एकवीस टाकलं, मग खोडून बारा केलं. मात्रा एकवीसचीच राहते."

"टूलने तो भाग शंभर वेळा तपासलाय."

"टूल खोडतच नाय ना. तुम्ही त्याला दाखवताना वजन एकदम बरोबर टाकलंत."

समोर सिस्टरने पहिला केसपेपर उघडला होता. दोन वर्षांची मुलगी, तापलेली, आईच्या खांद्यावर. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. खरं सांगते, मी लगेच तोंड उघडलं नाही. फोनवर बसवणार म्हणून फिलू सूड तर घेत नाही ना, हे मनात आलं. कंपनीचं काय होईल, माझं काय होईल, तेही आलं. मुलीचं काय होईल, हे सगळ्यात शेवटी... तोवर सिस्टरची बोटं वजनाच्या रकान्यावर पोचली होती. "सिस्टर, जरा सरका," मी म्हटलं. एकवीस टाकलं. खोडलं. बारा टाकलं. पडद्यावरची मात्रा जागची हलली नाही.

फोन कानालाच होता. "डॉक्टर, हे आज सुरू करता येणार नाही," मी म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, मी त्या आईसमोरच सांगितलं. तिने मुलगी दुसऱ्या खांद्यावर घेतली, माझ्यापासून लांबच्या.

पुढे निवृत्त होईपर्यंत ते टूल फिलूनेच चालवलं. वहीतली एकेक चूक तिने त्याला करायला शिकवली, आणि नवीन मुलींना आधी वॉर्डात पाठवलं. परवा तिच्या महिन्याच्या मिस्साला चर्चमध्ये बसले होते. सगळे प्रार्थना म्हणत होते आणि मला त्याच दिवसाची दुपार आठवत होती. हॉस्पिटलातून परत येऊन मी तिच्या टेबलाशी उभी राहिले होते. माफी काही जमेना, म्हणून टूलला शिव्या देत सुटले. आजच्या आज काढून टाकू म्हटलं, त्या विक्रेत्यालाही चार शब्द ऐकवले. फिलूने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "टूलला कशाला शिव्या देता, मॅडम? नवीन मानूस कामाला आला, तुम्ही पहिल्याच दिवशी त्याला साहेब केलंत. उद्यापासून माझ्या बाजूला बसवा त्याला."